खुलासा : इंजिन सुरू होत नसताना सी-कॉक उघडा ठेवू नये

‘नौकेचे डिझेल इंजिन सुरू होत नसेल, तर सी-कॉक उघडाच ठेवून स्टार्टर मारत राहावे, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या पंपातील रबरी इम्पेलर कोरडा फिरणार नाही,’ हा सध्या फिरत असलेला मजकूर माझाच आहे. परंतु तो चुकीचा असून त्याने इंजिन निकामी होऊ शकते. (सी-कॉक म्हणजे इंजिनाच्या थंडाव्यासाठी समुद्राचे पाणी आत घेणारी झडप; इम्पेलर म्हणजे पंपातील पात्यांचे चाक.)

ज्या इंजिनांत थंडाव्याचे खारे पाणी शेवटी एक्झॉस्टमध्ये सोडलेले असते, तेथे ते वॉटरलॉक मफलरमध्ये (एक्झॉस्टच्या मार्गातील टाकीत) साठते आणि धुराच्या दाबाने बाहेर फेकले जाते. इंजिन सुरूच झाले नाही तर हा दाब नसतो, पंप मात्र स्टार्टरबरोबर फिरतच राहतो. मफलर भरला की पाणी मागे चढून एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये शिरते, आणि पाणी दाबले जात नसल्यामुळे पिस्टन अडून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. डिझेलचा फिल्टर स्वतः बदलल्यावर डिझेलमध्ये हवा धरली की हा धोका अधिक, कारण तेव्हाच आपण स्टार्टर वारंवार मारतो.

असा मफलर असल्यास 10 सेकंदांत इंजिन सुरू न झाले तर सी-कॉक बंद करावा, अशी सूचना यानमार या इंजिन कंपनीच्या पुस्तिकांत आहे. ती मी लिहिण्यापूर्वीच पाहायला हवी होती. इंजिन सुरू होताच मात्र ते थांबवून, सी-कॉक उघडून पुन्हा सुरू करावे. (विसर पडू नये म्हणून मी किल्लीला चिठ्ठी बांधतो.) इम्पेलर खराब झालाच तर बदलता येतो. स्टार्टर मध्येच अडल्यास जोर न लावता इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) काढून पाणी बाहेर काढावे आणि ऑइल बदलावे.

जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नये. ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा पाठवावा.