'सोलापुरात इलेक्ट्रिक गाडी चालत नाही' या मेसेजला उत्तर

सोलापूरच्या टेम्पो आणि पिकअपवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचं सार असं: 'इथल्या उन्हात इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी पेटते, पाच वर्षांत गाडी भंगार होते, लोड ओढत नाही, चार्जिंगची सोय नाही, डिझेलपेक्षा परवडत नाही आणि वीज तरी कोळशाचीच. धंद्यातल्या माणसाने एकही घेऊ नये.' मी इथल्या मालवाहतूकदारांचे जमाखर्च लिहितो. हा मेसेज वाचून ज्यांनी विषयच बंद केला त्यांचं नुकसान होतंय. आणि त्याच्या विरोधात सगळ्या गाड्या एकदम बदलायला निघालेल्यांचंही होईल.

आधी 'परवडत नाही' बघू. छोटा हत्तीच्या वर्गातली डिझेल गाडी माल भरून लिटरला 15 किलोमीटर देते आणि डिझेल 90 रुपये आहे असं धरा. म्हणजे किलोमीटरला 6 रुपये. त्याच वर्गातल्या इलेक्ट्रिक गाडीला चार्जिंगमधली गळती धरून किलोमीटरला 0.22 युनिट लागलं आणि युनिट 11 रुपयांना पडलं, तर 2 रुपये 40 पैसे. वाचले 3 रुपये 60 पैसे. आता गाडी रोज किती फिरते ते विचारा. सकाळी अक्कलकोटला माल टाकून परत येणारी आणि दुपारी शहरात फेऱ्या मारणारी गाडी 100 किलोमीटर सहज करते. वर्षाचे 300 दिवस धरले तर एक लाख आठ हजार रुपये वाचतात. दोन गाड्यांच्या किमतीत साडेतीन लाखांचा फरक असेल, तर तो सव्वातीन वर्षांत भरून निघतो. पण चाटी गल्लीतून एमआयडीसीत आणि एमआयडीसीतून चाटी गल्लीत एवढंच करणारी, दिवसाला 40 किलोमीटरची गाडी घ्या. तोच फरक भरायला आठ वर्षं लागतात. त्या गाडीपुरता मेसेज खरा आहे.

हा हिशेब जागेवरच्या चार्जिंगचा आहे. रोज बाहेरच्या फास्ट चार्जरवर जायची वेळ आली आणि युनिट 20 रुपयांना पडलं, तर बचत दीड रुपयाच्या आसपास उरते. हप्त्याचा व्याजदर आणि जुन्या गाडीला पुढे येणारी किंमत हे दोन्हीही धरायला हवं, आणि दोन्ही बाबतींत आज डिझेलचं पारडं जड आहे. इंजिन ऑइल, फिल्टर, क्लच यांचा खर्च वाचतो, तो दुसऱ्या बाजूला टाका. शोरूमवाले आधी हाच सांगतात, व्याजाचं शेवटी.

'उन्हात बॅटरी पेटते.' ही भीती मला समजते. 2022 च्या उन्हाळ्यात देशात इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याच्या बातम्या एकामागून एक आल्या. त्यानंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले आणि ते डिसेंबर 2022 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. आग लागते ती बहुतेक वेळा सदोष सेल, शॉर्टसर्किट किंवा कच्च्या नियंत्रण यंत्रणेमुळे. मालवाहू गाड्यांमध्ये बऱ्याचदा एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची, बॅटरी असते. तिची रसायनं बिघडायला लागणारं तापमान आपल्या 43-44 अंशांच्या कितीतरी पुढे आहे. मात्र ऊन बॅटरीचं आयुष्य नक्की खातं, आणि याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही. मे महिन्यात भरल्या लोडने तापून आलेली गाडी उन्हातच उभी करून लगेच फास्ट चार्जिंगला लावणं, हे रोज केलं तर बॅटरी लवकर म्हातारी होते. पत्र्याची का होईना सावली करा, गाडी निवू द्या, रात्री सावकाश चार्ज करा. ड्रायव्हरला हे समजावून सांगायला हवं. त्याला फक्त किल्ली देऊन भागत नाही.

पाच वर्षांत भंगार? बॅटरी अशी एका दिवसात मरत नाही, तिची क्षमता हळूहळू उतरते. आज एका चार्जमध्ये 110 किलोमीटर जाणारी गाडी पुढे 85 जाईल. तेव्हाही 70 किलोमीटरच्या लाइनला ती चालेल. वॉरंटीच्या कागदावर किती वर्षं, किती किलोमीटर आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बॅटरी बदलून मिळणार, हे तीन आकडे वाचल्याशिवाय सही करू नका.

लोडचा मुद्दा अर्धा खरा. टाटाची एस ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक छोटा हत्ती, 2022 मध्ये आली तेव्हा तिची वहनक्षमता 600 किलो होती, 2024 मध्ये एक टनाची आली. मार्केट यार्डातून कांद्याची पोती दीडपट भरून काढायची सवय असेल, तर रेंजचा आकडा विसरा. तुळजापूरचा घाट चढताना रेंज भराभर उतरते, उतारावर थोडी परत मिळते. पुण्याला अडीचशे किलोमीटर किंवा मुंबईला चारशे किलोमीटर टॉवेलच्या गाठी नेणारे मोठे ट्रक मात्र आज बदलू नका, असंच मी सांगतो.

चार्जिंगचं. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर 21 युनिटची बॅटरी भरायला साधारण सात तास लागतात, म्हणजे एका गाडीला रात्र पुरते. पाच गाड्या एकदम लावल्या तर 16-17 किलोवॉट लागतात. तेवढा मंजूर भार (कनेक्शनवर एका वेळी वापरायची परवानगी असलेली वीज) आहे का, हे महावितरणकडे गाडी बुक करण्याआधी बघा. त्याच कनेक्शनवर रात्रपाळीला यंत्रमाग चालू असतील तर आणखी जपून. परमिटची कटकट मात्र नाही. बॅटरीवरच्या व्यावसायिक गाड्यांना 2018 पासून परमिट लागत नाही, हेही मेसेजने गाळलंय.

कोळशाच्या मुद्द्यावर मला कुणाला खोटं पाडायचं नाही. आपल्याच दक्षिण सोलापुरात, फताटेवाडीजवळ एनटीपीसीचा 1,320 मेगावॉटचा कोळशावरचा प्रकल्प आहे. देशात एका युनिट विजेमागे सरासरी 700 ग्रॅमहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. वरच्या हिशेबाने इलेक्ट्रिक गाडीचे किलोमीटरला 160 ग्रॅम होतात, डिझेल गाडीचे 180. फरक आहे, पण थोडा. डिझेलचा धूर मात्र मार्केट यार्डात गाडीच्या मागे उभा राहून पोती उतरवणाऱ्या हमालाच्या छातीत जातो, आणि तो पूर्ण थांबतो. उरलेलं कमी करायचं असेल तर जी गाडी दुपारी दोन-तीन तास उभी असते, ती कारखान्याच्या पत्र्यावर सोलर टाकून तेव्हाच चार्ज करा. ऊन आपल्याकडे हवं त्याहून जास्तच आहे.