राक्षस तगडे केल्याने तलवारीचा प्रश्न सुटत नाही

नमस्कार,

इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या खेळात घरी बनवलेल्या मॅजिक आयटम्सचा, म्हणजे जादूच्या वस्तूंचा, तोल कसा सांभाळावा, यावर मी लिहिलेलं तुम्हाला पटलेलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एवढी आकडेमोड कशाला, वस्तू भारी पडली तर डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) राक्षस तगडे करावेत. नियमपुस्तकात दुर्मिळतेच्या पायऱ्या आहेतच, त्या पाळल्या की पुरे. आणि बंधनं घातली की जादूतली मजा जाते. सोबत तुमच्या टेबलावरच्या तलवारीचं उदाहरण दिलंत. सातव्या लेव्हलच्या फायटरकडे (लढवय्या पात्राकडे) ती आहे, लागलेल्या प्रत्येक वाराला विजेचं ३डी६ (सहा बाजूंच्या तीन फाशांवर पडेल तेवढं) जादा डॅमेज, अट्यूनमेंट (वस्तूशी स्वतःला जोडून घेणं) लागत नाही.

त्या तलवारीचाच हिशेब मांडू या. ३डी६ची सरासरी साडेदहा. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत सातव्या लेव्हलचा फायटर एका टर्नमध्ये (पाळीत) दोन वार करतो. दोन्ही लागले तर नुसत्या विजेचे २१. ॲक्शन सर्ज (जादा कृती करायची फायटरची क्षमता) वापरला तर चार वार, म्हणजे ४२. आता पार्टीतलं रोग (rogue) क्लासचं, म्हणजे लपूनछपून वार करणाऱ्या प्रकारचं, कॅरेक्टर बघा. या लेव्हलला त्याचा स्नीक अटॅक (संधी साधून केलेल्या वाराचं जादा डॅमेज) ४डी६, सरासरी १४, तोही टर्नला एकदाच. शिवाय त्यासाठी ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं) मिळवायचा, नाहीतर शत्रूला आपला एखादा साथीदार भिडलेला असायला हवा. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी त्या खेळाडूने हा क्लास निवडला, तिच्या दीडपट फायटरला तलवारीतून आयतं मिळतंय. त्याचा स्वतःचा क्लास आहेच, तो वेगळा.

अशा वेळी राक्षस तगडा केला तर काय होतं? समजा ६० हिट पॉइंट्सचा (एवढं डॅमेज सोसणारा) राक्षस तुम्ही ९० चा केलात. फायटरची लढाई पुन्हा चुरशीची झाली. पण स्नीक अटॅकचे ते १४ आधी राक्षसाचा जवळपास पाव भाग होते, आता सहावा हिस्साही भरत नाहीत. तलवार मिळाली एकाला आणि किंमत मोजली दुसऱ्याने. माझा सगळा आग्रह या एका जागी आहे. राक्षसांशी तोल साधायची मला फारशी फिकीर नाही, ते डीएमच्या हातात असतात हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. तोल टेबलाभोवती बसलेल्या माणसांमधला सांभाळायचा असतो, आणि तो राक्षसांच्या आकड्यांनी सांभाळता येत नाही.

बचावाच्या वस्तूंत हे जास्तच बोचतं. प्लेट (पूर्ण चिलखत) आणि ढाल घेतलेल्या फायटरचा एसी, म्हणजे त्याला वार लागायला गाठावा लागणारा आकडा, २०. +५ने हल्ला करणाऱ्या राक्षसाला त्याच्यावर वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा जास्त पडावे लागतात, म्हणजे ३० टक्के. ढालीला आणखी +३ दिलात की एसी २३ आणि शक्यता १५ टक्के, थेट निम्मी. हाच +३ एसी १३च्या कॅरेक्टरला दिला असता तर ६५चे ५० टक्के झाले असते. आकडा तोच, पण आधीच भक्कम असलेल्याला तो कितीतरी जास्त देतो. आता फायटरला पुन्हा लागावं म्हणून राक्षसाचा हल्ला +८ केलात, तर फायटर परत ३० टक्क्यांवर येतो आणि एसी १२चा विझार्ड (जादूगार) ७० वरून ८५ वर जातो. बिचाऱ्याच्या हातात ढाल कधी नव्हतीच.

दुर्मिळतेच्या पायऱ्यांवर मात्र माझा तुमच्याइतका भरवसा नाही. २०१४च्या नियमांत फ्लेम टंग ही तलवार 'रेअर' आहे आणि पेटलेली असताना लागलेल्या प्रत्येक वाराला २डी६ आग देते. फ्रॉस्ट ब्रँड तिच्या वरच्या पायरीवर, 'व्हेरी रेअर', आणि देते १डी६ थंडी. थंडीपासून संरक्षण वगैरे आहे, पण वारामागे निम्मं डॅमेज. पक्कं सूत्रही आधी होऊन गेलंय. २००३च्या साडेतीन आवृत्तीत कायम चालणाऱ्या स्पेलची (मंत्राची) किंमत स्पेल लेव्हल गुणिले कास्टर (मंत्र टाकणाऱ्याची) लेव्हल गुणिले २००० सोन्याची नाणी अशी काढायची. पहिल्या लेव्हलचा ट्रू स्ट्राइक हल्ल्याला +२० देतो. तो तलवारीत कायमचा बसवला तर सूत्राने किंमत २००० नाणी. शस्त्रांचं सूत्र, म्हणजे बोनस गुणिले बोनस गुणिले २०००, लावलं तर आठ लाख! म्हणून मी पायरी बघण्याआधी वस्तूचं वाक्य वाचतो. 'प्रत्येक वाराला' आणि 'टर्नमध्ये एकदा' यांत जेवढा फरक पडतो, तेवढा डाइस एकाने कमी-जास्त करून पडत नाही.

दिलेली वस्तू मध्येच काढून घेणं हा अन्याय आहे, हे तुम्ही लिहिलंत ते मला पूर्ण मान्य. म्हणून ती देतानाच सांगावं की घरची वस्तू आहे, काही सेशन्स बघू आणि गरज पडली तर शब्द बदलू. आधी सांगितलेलं असलं की खेळाडू सहसा समजून घेतात.

तुमच्या तलवारीपुरतं सुचवायचं तर ३डी६ तसेच राहू द्या, पण टर्नमध्ये एकदाच, आणि अट्यूनमेंट लावा. तीनच वस्तूंशी अट्यून होता येत असल्याने खेळाडूला निवड करावी लागेल, आणि निवडून घेतलेल्या वस्तूवर माणसाचा जास्त जीव बसतो. त्यात सात चार्जेस (मोजके वापर) घाला, रोज पहाटे १डी६+१ परत येतील. एक चार्ज खर्च केला की त्या टर्नची वीज फायटरने स्वतः न वापरता तीस फुटांतल्या साथीदाराच्या शस्त्रावर सोडायची, त्याच्या पुढच्या लागलेल्या वारासाठी. स्नीक अटॅकच्या चार डाइसबरोबर हे तीन डाइस त्या रोगवाल्या खेळाडूच्या हातात पडू द्या. पुढच्या सेशनला करून बघितलंत तर फायटरने वीज कितीदा स्वतःकडे ठेवली आणि कितीदा दुसऱ्याला दिली, ते इथे जरूर लिहा.