वाईट वाजले तरी चालेल असे वाद्य

मुलीने एखादे वाद्य शिकावे, याबद्दल आमच्या घरात एकमत होते. आमच्या घरात एकमत झाले की मी धास्तावतो, कारण पुढचा खर्च आणि पुढची भांडणे दोन्ही त्यातूनच निघतात. कन्येला आठवे वर्ष लागले त्या संध्याकाळी आईने विषय काढला आणि मेणबत्त्या विझायच्या आत चार माणसांनी पाच वाद्ये सुचवली. जिला शिकायचे होते ती मात्र केकवरचे क्रीमचे फूल कोणाच्या ताटलीत जाते, एवढ्यावरच नजर ठेवून होती.

वाद्य निवडताना लोक ते उत्तम वाजले तर कसे वाटेल याचा विचार करतात, आणि मूळ चूक इथेच होते. उत्तम वाजायला दहा वर्षे लागतात. तोवर ते वाईट वाजणार आणि आमच्या दोन खोल्यांतच वाजणार. म्हणून वाईट वाजवल्यावर जे सर्वांत कमी छळेल ते वाद्य घ्यावे, अशी कसोटी मी जेवताना मांडली. "तुझा मुलीवर विश्वासच नाही," असे बायको म्हणाली. खरे तर विश्वास होता, म्हणूनच कसोटी काढावी लागली होती.

बायकोला व्हायोलिन हवे होते. पेठेतल्या दुकानदाराने शिंप्यासारखी टेप काढून कन्येचा हात मानेपासून तळव्यापर्यंत मोजला आणि "हिला सध्या अर्धे लागेल," असे जाहीर केले. व्हायोलिन पाव, अर्धे, पाऊण आणि पूर्ण अशा मापांत मिळते, हे मला तिथे कळले. अर्ध्यावर हात बसेपर्यंत मूल पाऊण मापाचे होते, आणि पूर्ण व्हायोलिन येईतो दहावीची परीक्षा येते. शिवाय त्याला सतारीसारखे स्वरांच्या जागा दाखवणारे पडदे नसतात, त्यामुळे बोट केसभर इकडेतिकडे झाले तरी स्वर हलतो. कन्येने गज एकदाच तारेवरून ओढला. आमच्या लोखंडी कपाटाचे दार पावसाळ्यात हाच स्वर लावते, आणि त्याला तर आम्ही तेल घालतो.

आत्या मिरजेची, म्हणून तिने सतार सुचवली. मिरजेत सतारी आणि तंबोरे पिढ्यान् पिढ्या घडत आले आहेत, २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, आणि त्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, ही सगळी माहिती तिने फोनवर अशा अभिमानाने दिली, की ते भोपळे तिनेच परसात लावले असावेत. परंतु सतार मांडीवर घेतली तर कन्या भोपळ्याआड दिसेनाशी झाली असती, आणि डाव्या हाताच्या बोटांना तारेने घट्टे पडेपर्यंत रोज रडारड झाली असती. गिटारचा विचार याच कारणाने दोन मिनिटांत संपला. शेजाऱ्यांनी वापरायला दिलेल्या कीबोर्डवर एक बटण दाबले की अख्खा वाद्यवृंद आपोआप वाजत असे. कन्येने ते बटण दाबले, हात मागे घेतले आणि "मला आलं," असे सांगून ती खेळायला गेली.

माझ्या कसोटीला पुरेपूर उतरणारे वाद्य एकच होते, ते म्हणजे बासरी. बाकीची वाद्ये वाईट वाजवली की वाईट वाजतात. बासरी वाईट वाजवली की वाजतच नाही. मी मोठ्या उमेदीने एक छोटी बासरी आणली. कन्येने पंधरा मिनिटे फुंकर घातली, तिची बोटे भोकांवर नीट बसेनात, सगळी हवा फुस्स करून निघून गेली आणि शेवटी तिला गरगरू लागले. घरात कमालीची शांतता होती आणि मी समाधानाने पेपर वाचत होतो. "एवढी फुंकर चुलीला घातली असती तर दोन वेळचा स्वयंपाक झाला असता," असे म्हणत आईने बासरी कपाटावर ठेवून दिली.

आईचे म्हणणे पहिल्यापासून एकच होते: माळ्यावर आजोबांची पेटी आहे, जर्मन सुरांची आहे, ती काढा. खरे सांगायचे तर माझ्या कसोटीला पेटीही उतरत होती, कारण तिचा प्रत्येक सूर आधीच जुळवून बसवलेला असतो. चुकीची पट्टी दाबली तरी जे वाजते ते सुरातच वाजते. पण ती माळ्यावरून कोणाला काढावी लागणार हे ठाऊक असल्याने मी इतिहासाचा आधार घेतला. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, काढता येत नाही या आक्षेपावरून रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत टिकली, असे मी आईला सांगितले. "आपल्याकडे रेडिओ आलाच मुळी बहात्तर साली," आई म्हणाली. मी शिडी आणली.

पेटी दुरुस्त करणारे काका एका जुन्या वाड्यात, जिन्याखालच्या खोलीत बसत. त्यांनी वरची फळी काढली तेव्हा आतून एक चार आण्याचे नाणे, दोन टाचण्या आणि उंदराने कुरतडलेल्या लग्नपत्रिकेचा निम्मा भाग निघाला. काकांनी एक पितळी सूर, म्हणजे हवेने वाजणारी जिभेची छोटी पट्टी, उपसून काढला, त्याची जीभ नखाने अलगद उचलून सोडली, कानाशी धरली आणि म्हणाले, "सूर उत्तम आहेत. भाता गेलाय." एवढ्यात एक गृहस्थ तबला घेऊन आले आणि खाली बसून हातोडीने गठ्ठे, म्हणजे वादीखालचे लाकडी ठोकळे, ठोकू लागले. पावसाळी हवेने तबला उतरला होता. ते एक ठोका गठ्ठ्यावर, एक काठावरच्या चामड्याच्या गजऱ्यावर मारत आणि मधूनच बोटाने कडेवर, म्हणजे चाटीवर, वाजवून ऐकत. कन्या मटकन त्यांच्यासमोर बसली. एखाद्या वाद्याला हातोडीने मारायची परवानगी असते, मारल्यावर कोणी रागावत नाही आणि उलट ते जास्त चांगले वाजते, हे ज्ञान तिला त्या दिवशी झाले. परतताना तिने निर्णय सांगितला: तबला, हातोडीसकट.

तबल्याचा विचार मी कसोटी लावून केलाच नव्हता. सुदैवाने गुरुजींनी पहिला महिनाभर बोल नुसते तोंडाने म्हणून घेतले, त्यामुळे आमटी वाढतानाही "धा धिं धिं धा" चालू असे. दुसऱ्या महिन्यात हात बसू लागला आणि गुरुजी म्हणाले, "आता घरी त्रितालाचा सराव करताना लेहरा हवा." लेहरा म्हणजे सोळा मात्रांची एकच सुरावट, तबलजीला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सापडावी म्हणून पुन्हा पुन्हा वाजवायची. मोबाइलवर तो तयार मिळतो, हे मी लगेच सांगितले. "एवढे पैसे घालून पेटी दुरुस्त केली ती काय शोभेला?" असे आईने विचारले, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी पाऊण तास मी भाता मारतो आणि उजव्या हाताची बोटे पट्ट्यांवरून ठेचकाळत नेतो. नवव्या मात्रेपर्यंत माझे बरे चालते; पुढे भाता विसरला तर बोटे चालतात आणि बोटे विसरली तर भाता. कन्या हातोडी मांडीवर ठेवून थांबते आणि म्हणते, "बाबा, सम गेली तुझी. परत पहिल्यापासून."

परवा खालच्या मजल्यावरचे आजोबा जिन्यात भेटले. "तबला छान बसत चाललाय हो मुलीचा," ते कौतुकाने म्हणाले, आणि मग जरा आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "पेटी कोण शिकतंय? धाकटं का?"

"हो, अजून लहान आहे," असे सांगून मी भराभर जिना उतरलो.