डोहाळजेवण पुढे ढकलता येते, तपासणी नाही

आज तासगावजवळच्या एका गावात आमच्या नात्यातल्या मुलीचे डोहाळजेवण होते, आणि त्या गडबडीत तिची नऊ तारखेची तपासणी चुकवली गेली, हे कळल्यापासून माझा संताप आवरत नाही. तिला सातवा महिना आहे. मागच्या तपासणीत रक्तदाब १४०/९० च्या वर भरला होता, आशाताईंनी कार्डावर जोखमीची लाल खूण केली होती, आणि तरीही घरातल्या बायका म्हणत होत्या, "आमच्या वेळी कुठं होतं बीपी?"

माझ्या धाकट्या बहिणीच्या सासरीही, जतला, हेच ऐकले होते. ती गरोदर असताना तिच्या बोटातली अंगठी निघेना, चेहरा सुजला, डोके ठणकू लागले आणि बरगड्यांखाली दुखू लागले, तेव्हा सगळ्यांनी ते पित्त ठरवून तिला कोकमाचे पाणी दिले. डोळ्यांपुढे अंधारी येते असे ती सांगत होती, पण तेही अशक्तपणावर गेले; ही वाढलेल्या रक्तदाबाची लक्षणे आहेत, हे कोणाला कळलेच नाही. मिरजेच्या वाटेवर गाडीतच तिला झटका आला. दवाखान्यात मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन देऊन झटके थांबवले, आणि दिवस भरण्याआधीच बाळ काढावे लागले. मायलेकरे वाचली, याला मी नशीबच म्हणते.

काही खासगी डॉक्टर उगाच घाबरवतात, हे मी मान्य करते. पण म्हणून मोजलेला रक्तदाब खोटा ठरत नाही. रक्त (हिमोग्लोबिन) ७ ग्रॅमच्या खाली असणे, जुळे असणे, साखर वाढणे, आधीचे सिझेरियन असणे, यांपैकी काहीही असले तरी त्या बाईवर जास्त लक्ष हवे, एवढाच जोखमीचा अर्थ आहे. तिचे सिझेरियनच होईल असा नव्हे. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत ही तपासणी मोफत होते. तरीही आपण ती मुहूर्तासाठी सोडतो! बहिणीची सूज आठवली की माझा हात थरथरतो.

डोहाळजेवणाच्या त्या मुलीच्या सासूबाई मायेच्या आहेत, तिला जड उचलू देत नाहीत, हे मात्र खरे. जेवणे उरकल्यावर मी त्यांना बाजूला घेऊन बहिणीचे सगळे सांगितले. उद्या सकाळीच तिला तालुक्याला नेतो, असे त्यांनी कबूल केले. लघवीतली प्रथिने तपासून घ्या, रक्तगट कार्डावर लिहून घ्या, १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा आणि रात्रीबेरात्री कोणाची गाडी मिळेल ते आजच विचारून ठेवा, असे त्यांना बजावून मी निघाले.