एमएसमधले नैराश्य आणि ‘गोळ्या आजच बंद करा’ हा संदेश

“एमएसच्या रुग्णाची उदासी हा मनाचा दुबळेपणा आहे, त्यावरच्या गोळ्या व्यसन लावतात, मेंदूतल्या जखमा वाढवतात; त्या आजच बंद करून प्राणायाम करा,” असा संदेश सांगली जिल्ह्यातल्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस; यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करून तिथे जखमा करते. भावकीच्या गटातून तो जतला वहिनींपर्यंत पोहोचला आणि त्यांनी कोणालाही न सांगता सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी बंद केली, म्हणून हे लिहावे लागत आहे.

यातला सर्वांत घातक शब्द ‘आजच’ हा आहे. अशी गोळी एकाएकी थांबवली तर चक्कर, मळमळ, निद्रानाश आणि अंगातून विजेचा झटका गेल्यासारखी संवेदना होऊ शकते. एमएसमध्येही मान वाकवताच पाठीतून तसाच झटका उतरतो; त्यामुळे चौथ्या दिवशी वहिनींना झटके जाणवू लागले तेव्हा आजारच उलटला असे समजून दादांनी त्यांना रात्रीच मिरजेला नेले. डॉक्टरांनी “एखादी गोळी सोडली का?” असे विचारले नसते, तर एमएस उलटल्यावर देतात ते स्टिरॉइड कदाचित विनाकारण सुरू झाले असते, आणि स्टिरॉइडने मनःस्थिती आणखी बिघडू शकते. थांबवल्यावर त्रास होणे म्हणजे व्यसन नव्हे. व्यसनात औषधाची ओढ लागते, ती इथे नसते. मात्रा कमी करायची असेल, तर ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करावी.

दुबळेपणाचा आरोप तर संतापजनक आहे. एमएसच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना आयुष्यात कधीतरी नैराश्य येते, आणि त्यात मेंदूतल्या दाहाचा व जखमांचाही वाटा असतो. गोळ्यांनी जखमा वाढतात, याला आधार नाही.

प्राणायामाने, व्यायामाने बरे वाटते, हे मान्य. एमएसमधल्या नैराश्यावर गोळ्यांच्या चाचण्या थोड्याच झाल्या आहेत, हेही मान्य करावे लागते. पण 2001 साली अमेरिकेत 63 एमएस रुग्णांवर 16 आठवडे झालेल्या चाचणीत सर्ट्रालिन आणि विचार-वर्तन बदलाचे वैयक्तिक समुपदेशन हे दोन्ही उपचार, भावना मोकळ्या करण्याच्या गटचर्चेपेक्षा सरस ठरले. पुढे हेच समुपदेशन फोनवरूनही उपयोगी पडते असे दिसले, आणि उन्हाने पाय लटपटणाऱ्या, सांगलीला वारंवार येऊ न शकणाऱ्या रुग्णासाठी ही गोष्ट मोलाची आहे. सरकारच्या टेलि-मानस सेवेशी 14416 या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. वहिनींची गोळी पुन्हा सुरू झाली आहे, आणि दर गुरुवारी त्या समुपदेशकांशी फोनवरून बोलतात.