रन फाइलपेक्षा ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ बरं

उबुंटू लिनक्सवर एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरची ‘रन’ फाइल उतरवून बसवा, हा लेखातला सल्ला नवख्यांसाठी धोक्याचा वाटतो. कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपडेट झाला की ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) त्याच्यासाठी नव्याने बांधावं लागतं. ते राहिलं तर रीस्टार्टनंतर समोर काळा पडदा येऊ शकतो. उबुंटूच्याच ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ या सोयीतून घेतलेला ड्रायव्हर कर्नलसोबत अपडेट होत राहतो.

सिक्युअर बूट (विश्वासू सही नसलेलं सॉफ्टवेअर बूट होताना रोखणारी सोय) चालू असताना इन्स्टॉलरने पासवर्ड ठरवायला सांगितलं, तर तो लक्षात ठेवाच! पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर ‘एनरोल मोक’ (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवणं) निवडून तोच द्यायचा असतो. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबलं की ड्रायव्हर बसूनही लोड होत नाही आणि लोक उगाच कार्डाला दोष देतात. एवढं तरी लेखात कृपया जोडा. इंटेल किंवा एएमडीवाल्यांना सहसा यातलं काही करावं लागत नाही, त्यांच्यासाठीचं मेसा (खुले ग्राफिक्स ड्रायव्हर) उबुंटूत आधीच असतं.