सेमिनरीला परदेशातून जाणारी मदत: फिरणाऱ्या संदेशातलं खरं-खोटं

परदेशातल्या मराठी ख्रिस्ती मंडळींमध्ये एक संदेश फिरतो आहे: ‘आपल्या इथल्या चर्चने भारतातल्या सेमिनरीला (फादर घडवणाऱ्या विद्यालयाला) पैसे पाठवणं थांबवावं. पैसा मधल्या मधे जिरतो, निम्मी मुलं फादर होतच नाहीत, आणि वर्षानुवर्षं मदत घेऊनही सेमिनरी परावलंबीच राहते. द्यायचंच तर एखाद्या विद्यार्थ्याच्या खात्यात थेट भरा.’

‘मधल्या मधे जिरतो’ म्हणणाऱ्यांनी परदेशी देणग्यांचा भारतीय कायदा (एफसीआरए) आणि त्यातली २०२०ची दुरुस्ती वाचावी. परदेशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरते. प्रशासकीय खर्चावर तिच्यातले २० टक्क्यांहून जास्त वापरता येत नाहीत. एका संस्थेने घेतलेली देणगी दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी आहे. सनदी लेखापालाने प्रमाणित केलेलं विवरण दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत द्यावं लागतं.

पैसे अडकतात ते पाठवणाऱ्याच्या चुकीने. धर्मप्रांताच्या (बिशपच्या अखत्यारीतल्या विभागाच्या) नावे रक्कम पाठवून ‘यातले सेमिनरीला द्या’ असं लिहितात. सेमिनरीची संस्था वेगळी नोंदलेली असेल, तर धर्मप्रांताला ते पैसे देताच येत नाहीत. म्हणून आधी सेमिनरीचा एफसीआरए नोंदणी क्रमांक मागवा, नोंदणीची मुदत बघा (ती ५ वर्षांची असते) आणि खात्याचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. दरमहा थोडे-थोडे पाठवू नका. बँक प्रत्येक वेळी शुल्क कापते, वर्षातून दोन हप्ते पुरे.

‘निम्मी मुलं फादर होत नाहीत.’ कुणी सोडून जातो म्हणून मदत वाया गेली, हा हिशेबच चुकीचा आहे. व्हॅटिकनच्या २०१६च्या नियमांप्रमाणे पूर्वतयारीचं किमान १ वर्ष, तत्त्वज्ञानाची २, ईशज्ञानाची (धर्मशास्त्राची) ४, म्हणजे ७ वर्षं झाली. शिवाय मधे प्रत्यक्ष कामाचा काळ असतो. एवढी वर्षं आहेत ती पाचारण, म्हणजे फादर होण्याची देवाची हाक, पारखण्यासाठीच. चौथ्या वर्षी एखादा मुलगा विचारपूर्वक घरी परतला, तर सेमिनरीने आपलं काम केलं.

आणि इथेच ‘थेट विद्यार्थ्याच्या खात्यात भरा’ हा सल्ला घातक ठरतो. जर्मनीतला एक अख्खा धर्मग्राम (एका चर्चची सगळी मंडळी) आपल्यासाठी पैसे भरतो आहे, हे ओझं डोक्यावर असलेला मुलगा ‘हे माझं पाचारण नाही’ असं मोकळेपणाने कसा म्हणेल? ज्याला छान इंग्रजी पत्र लिहिता येतं त्याला दाता मिळतो, शेजारच्या पलंगावरचा तसाच राहतो. स्वयंपाक्याचा पगार, वीजबिल, टँकरचं पाणी, ग्रंथालय, प्राध्यापकांचं मानधन हे कुणा एका विद्यार्थ्याच्या नावावर नसतं. मदत सामाईक निधीतच द्यावी.

‘परावलंबी राहते’ यात मात्र थोडं तथ्य आहे. एका वर्षी इमारत बांधून द्यायची आणि नंतर फिरकायचं नाही, अशा मदतीने देखभालीचा खर्च तेवढा मागे उरतो. पण सेमिनरी चालवण्याची जबाबदारी चर्चच्या कायद्याने मुळात बिशपांवर आहे (कलम २६३), आणि त्यासाठी धर्मप्रांतात कर बसवण्याचा अधिकारही त्यांना आहे (कलम २६४). बाहेरची मदत ही भर असते. ती वर्षानुवर्षं टिकली तर काय होतं, हे पुण्यात नगर रोडवरच्या पेपल सेमिनरीत दिसतं. पोप लिओ तेरावे यांनी १८९३ मध्ये श्रीलंकेत कँडी इथे भारतासाठी सेमिनरी काढली. ती बेल्जियमच्या जेज्वीट या संघाच्या फादरांकडे सोपवली होती. १९५५ मध्ये ती पुण्याला आली. आज तिथे शिकवणारे भारतीय आहेत आणि तिथून घडलेले कित्येकजण बिशप झाले आहेत.

तेव्हा मदत ठरवताना किमान ७ वर्षांचा शब्द द्या, म्हणजे एका तुकडीची शिक्षणाची वर्षं तरी निघतात. रक्कम सेमिनरीचं अंदाजपत्रक मागवून रुपयांत ठरवा. युरोत ठरवली तर विनिमय दर पडल्याचा फटका सेमिनरीला बसतो. पहिला हप्ता जूनआधी पोचू द्या. नाताळच्या वर्गणीवर विसंबलात तर निम्मं शैक्षणिक वर्ष उधारीवर जातं. आणि थांबायचं झालंच, तर दोन वर्षं आधी लेखी कळवा, म्हणजे पुढच्या तुकडीत किती मुलं घ्यायची हे त्यांना वेळेत ठरवता येईल.